स्कोअरकार्ड वाचता येतं ना? मग इंग्रजीही येईल

रोज दहा इंग्रजी शब्द पाठ करा, हा सल्ला मराठी माध्यमातून शिकलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेला असतो. मग वही आखली जाते. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. सुरुवात बहुधा 'ॲबँडन'पासून होते, कारण शब्दकोशात तो पहिल्या काही पानांतच भेटतो. ॲबँडन म्हणजे सोडून देणे, त्याग करणे. पण काय सोडून देतात, कोण देतं, या शब्दाच्या पुढेमागे कोणते शब्द येतात, यातलं काहीही त्या वहीत नसतं. म्हणून शब्द पाठ असूनही बोलताना तोंडात येत नाही. हाच शब्द 'द मॅच वॉज ॲबँडन्ड ड्यू टू रेन' असा एकदा भेटला की सुटत नाही. पावसाने वाया गेलेला सामना आपण पाहिलेला असतो, आभाळाकडे बघून चडफडलेलोही असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या विषयातलं सगळं तुम्हाला आधीच कळतं, त्या विषयाचं इंग्रजी आधी शिका. काय घडलं हे ठाऊक असलं की सगळं लक्ष ते कसं सांगितलंय याकडे लावता येतं. कुणासाठी हा विषय स्वयंपाक असेल, कुणासाठी शेअर बाजार. पण महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांत तो खेळ असतो, आणि त्यातही क्रिकेट. खेळाच्या इंग्रजीचा आणखी एक फायदा म्हणजे वाक्यं छोटी असतात आणि त्याच त्या घटना पुन:पुन्हा येतात. चौकार, झेल, धावबाद. पुनरावृत्तीसाठी वेगळा गृहपाठ लागत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे आजच्या तरुण पिढीला शब्द बरेच माहीत असतात. अडतं ते वाक्य जुळवताना.

चार गडी, चार वाक्यं

२ एप्रिल २०११. वानखेडे. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताचे चार गडी कसे बाद झाले, हे आजही अनेकांना तोंडपाठ आहे. आता त्याच स्कोअरकार्डकडे भाषेच्या नजरेने बघा. सेहवागपुढे लिहिलंय 'एलबीडब्ल्यू मलिंगा, ०'. तेंडुलकरपुढे 'सी संगकारा, बी मलिंगा, १८'. गंभीरपुढे 'बी परेरा, ९७'. कोहलीपुढे 'सी अँड बी दिलशान, ३५'. ही आद्याक्षरं म्हणजे आखडलेली वाक्यं आहेत. ती उलगडून लिहिली की अशी दिसतात:

'सेहवाग वॉज एलबीडब्ल्यू टू मलिंगा फॉर अ डक.'
'तेंडुलकर वॉज कॉट बाय संगकारा ऑफ मलिंगा फॉर १८.'
'गंभीर वॉज बोल्ड बाय परेरा फॉर ९७.'
'कोहली वॉज कॉट अँड बोल्ड बाय दिलशान फॉर ३५.'

शाळेत कर्मणी प्रयोग शिकवताना 'रामाकडून आंबा खाल्ला गेला' असली वाक्यं देतात. मराठीत असं कुणी बोलत नाही, त्यामुळे इंग्रजीतही हा प्रकार परीक्षेपुरताच असावा असा समज होतो. तसं नाही. बातमीचा नायक फलंदाज असेल आणि कृती दुसऱ्या कुणी केली असेल, तर इंग्रजी माणूस अगदी सहज 'वॉज' अधिक क्रियापदाचं तिसरं रूप वापरतो. आपण 'गंभीर बोल्ड झाला' म्हणतो, त्यातला 'झाला' इंग्रजीत 'वॉज' होऊन येतो. तो गाळला तर घोटाळा होतो. 'गंभीर बोल्ड' याचा अर्थ गंभीरने गोलंदाजी केली. 'गंभीर वॉज बोल्ड' म्हणजे त्याचा त्रिफळा उडाला. एका 'वॉज'ने गोलंदाजाचा फलंदाज होतो.

आता त्या चार वाक्यांतले बारके शब्द पाहा. पायचीत होताना 'टू मलिंगा', झेल घेणाऱ्यासाठी 'बाय संगकारा', ज्याच्या चेंडूवर झेल गेला त्याच्यासाठी 'ऑफ मलिंगा', आणि धावांसाठी 'फॉर ९७'. शेवटचा नीट बघा. मराठीत गंभीर ९७ धावांवर बाद झाला, म्हणून आपल्या तोंडात 'आउट ऑन ९७' येतं. इंग्रजीत 'ऑन' चालतो तो फलंदाज अजून खेळत असताना. 'गंभीर वॉज ऑन ९७ व्हेन ही वॉज बोल्ड', किंवा 'धोनी रिमेन्ड नॉट आउट ऑन ९१'. बाद झाला की हिशेब बंद, आणि मग 'फॉर'. हा फरक नियम म्हणून पाठ करायला गेलात तर आठवडा जाईल. त्या रात्रीची आठवण सोबत असेल तर लगेच बसेल.

मराठी माणसाची आणखी एक अडचण इथे सांगायला हवी, कारण ती सहसा कुणी उघड सांगत नाही. आपल्या भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं. गंभीरने चौकार मारला, एकेरी धाव घेतली, अर्धशतक ठोकलं. ला, ली, लं. लहानपणापासून हे करत आल्यामुळे इंग्रजी क्रियापदही कुठे ना कुठे वाकत असेल अशी धास्ती मनात असते. प्रत्यक्षात इंग्रजी भूतकाळ फार सरळ आहे. 'हिट अ फोर', 'टूक अ सिंगल', 'स्कोअर्ड अ फिफ्टी'. 'वॉज' आणि 'वर' सोडले तर कर्ता कुणीही असो, कर्म काहीही असो, रूप तेच. वाकतं ते साध्या वर्तमानकाळात, आणि तेही फक्त 'ही', 'शी', 'इट'पुढे, एका 'स'ने. नेमका तोच 'स' आपण विसरतो.

एक समालोचन, तीन काळ

त्या 'स'साठी रवी शास्त्रींसारखा शिक्षक नाही. त्याच अंतिम सामन्यात धोनीने विजयी षटकार मारला तेव्हाची त्यांच्या समालोचनातली वाक्यं यूट्यूबवर कोट्यवधींनी ऐकली आहेत: 'धोनी फिनिशेस ऑफ इन स्टाइल. अ मॅग्निफिसंट स्ट्राइक इंटू द क्राउड. इंडिया लिफ्ट द वर्ल्ड कप आफ्टर २८ यर्स. द पार्टीज स्टार्टेड इन द ड्रेसिंग रूम.'

चार वाक्यांत केवढं व्याकरण आहे बघा. पहिल्यात 'फिनिशेस', शेवटी 'स' आहे, कारण धोनी एकटा. घटना डोळ्यांसमोर घडतेय, एका फटक्यात संपतेय, म्हणून साधा वर्तमानकाळ. इथे आपल्यापैकी बहुतेक जण 'धोनी इज फिनिशिंग' म्हणतील, कारण चालू घटनेला चालू वर्तमानकाळ असं शाळेने शिकवलंय. समालोचनात झटपट कृतीला साधा वर्तमानकाळ आणि मागे सतत चाललेल्या गोष्टीला चालू वर्तमानकाळ वापरतात. गोलंदाज धावत येतो, टाकतो, फलंदाज मारतो: 'रन्स इन, बोल्स, हिट्स'. प्रेक्षक मात्र 'आर चीअरिंग', कारण ते थांबतच नाहीत.

दुसऱ्या वाक्यात क्रियापदच नाही. बोलताना चालतं, अर्जात चालणार नाही.

तिसऱ्यात 'इंडिया लिफ्ट', 'लिफ्ट्स' नाही. संघ म्हणजे अकरा जण, म्हणून ब्रिटिश धाटणीच्या क्रीडा-इंग्रजीत संघाचं नाव अनेकवचनी धरतात. तोच इंडिया देश म्हणून आला तर 'इंडिया एक्सपोर्ट्स मँगोज' असा 'स' लागतो. अमेरिकन लोक संघालाही एकवचनीच ठेवतात. परीक्षेत दोन्हींपैकी एक पद्धत धरा आणि उत्तर संपेपर्यंत सोडू नका.

चौथ्यातल्या 'पार्टीज'मध्ये 'हॅज' लपलेला आहे, 'द पार्टी हॅज स्टार्टेड'. जल्लोष नुकताच सुरू झालाय आणि अजून चालू आहे. हा पूर्ण वर्तमानकाळ मराठी माणसाला सर्वांत जास्त छळतो, कारण 'सुरू झाला' आणि 'सुरू झालाय' यांतला फरक आपण बोलताना पाळतो पण लिहिताना सोडून देतो. एक साधी खूण सांगतो. घटना कधी घडली ती तारीख किंवा साल वाक्यात आलं की 'हॅज' आणि 'हॅव' बाहेर. 'इंडिया वन द वर्ल्ड कप इन २०११' हे बरोबर. 'इंडिया हॅव वन द वर्ल्ड कप इन २०११' हे चूक. साल काढून टाका आणि आजवरचा हिशेब मांडा, मग 'हॅव' परत येतो.

आता त्याच सामन्याचं दुसऱ्या दिवशीचं इंग्रजी वर्तमानपत्र आठवा. बातमीच्या मजकुरात सगळा साधा भूतकाळ. पण मथळ्यात पुन्हा वर्तमानकाळ, घटना काल घडलेली असूनही. उद्याची गोष्ट असेल तर मथळ्यात फक्त 'टू' येतो: 'मुंबई टू फेस विदर्भ इन फायनल'. २०२४च्या रणजी अंतिम सामन्याआधी हे वाक्य मथळा म्हणून सहज शोभलं असतं. सामना संपल्यावर 'मुंबई बीट विदर्भ बाय १६९ रन्स'. एकच घटना थेट प्रक्षेपणात, मथळ्यात आणि बातमीत तीन वेगळ्या तऱ्हांनी भेटते. काळांचे तक्ते पाठ करण्यापेक्षा ही तीन रूपं शेजारी ठेवून वाचणं मला कितीतरी शहाणपणाचं वाटतं.

'हरवणे'चा सापळा

आपण ऑस्ट्रेलियाला हरवतो आणि किल्लीही हरवतो. त्यामुळे 'इंडिया लॉस्ट ऑस्ट्रेलिया' असं वाक्य उत्तरपत्रिकेत उतरतं. दुसरी तितकीच सर्रास चूक म्हणजे 'इंडिया वन ऑस्ट्रेलिया'. इंग्रजीत सामना, नाणेफेक, पदक, चषक 'विन' करतात. प्रतिस्पर्ध्याला 'बीट' किंवा 'डिफीट' करतात. हरलेला संघ सामना 'लूज' करतो आणि जिंकणाऱ्या 'टू' हरतो. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. ती घटना तिन्ही प्रकारे लिहून पाहा: 'इंडिया वन द फायनल', 'इंडिया बीट साउथ आफ्रिका बाय ५२ रन्स', 'साउथ आफ्रिका लॉस्ट टू इंडिया'. 'बीट'चा भूतकाळ 'बीट'च आहे, तिसरं रूप तेवढं 'बीटन'. आणि 'लूज'च्या स्पेलिंगमध्ये एकच 'ओ' असतो. दोन 'ओ' घातले तर अर्थ सैल असा होतो.

'बाय ५२ रन्स' आणि 'बाय ६ विकेट्स' यांतला फरक क्रिकेट पाहणाऱ्याला समजावावा लागत नाही. पहिल्यांदा फलंदाजी करून जिंकलं तर धावांनी, पाठलाग करून जिंकलं तर गड्यांनी. मराठीने इथे 'सहा गडी राखून' असा जास्त स्वच्छ शब्दप्रयोग केला आहे. इंग्रजीत 'राखून'चा भाव चेंडूंच्या बाबतीत येतो, 'विथ १० बॉल्स टू स्पेअर'. हा तुकडा तसाच उचलून ठेवा. गाडी सुटायला दहा मिनिटं असताना फलाटावर पोहोचलात तर 'वुई रीच्ड विथ टेन मिनिट्स टू स्पेअर' म्हणता येईल.

आपल्या इंग्रजीतला आणखी एक मराठी ठसा म्हणजे 'पासून'. तो दोन तासांपासून खेळतोय, तो जेवणापासून खेळतोय. दोन्हीकडे एकच शब्दयोगी अव्यय, म्हणून दोन्हीकडे 'सिन्स' लावला जातो. कसोटी क्रिकेटमध्ये लंच आणि टी असल्यामुळे याचा सराव फार छान होतो. जिथून सुरुवात झाली तो क्षण दिला असेल तर 'सिन्स': 'ही हॅज बीन बॅटिंग सिन्स लंच'. किती वेळ ते दिलं असेल तर 'फॉर': 'ही हॅज बीन बॅटिंग फॉर टू अवर्स'. दोन्ही वाक्यांत 'हॅज बीन' आहे, 'इज' नाही. स्पर्धा परीक्षांमध्ये चूक शोधण्याच्या प्रश्नात हे हमखास येतं. त्याच प्रश्नात येणारं दुसरं लाडकं वाक्य 'ही इज वन ऑफ द बेस्ट बोलर'. अनेकांपैकी एक म्हणताय, तर ते अनेक दिसले पाहिजेत: 'बोलर्स'. आणि 'डिड' आला की पुढचं क्रियापद मूळ रूपात परत जातं, 'डिड नॉट प्ले', कधीही 'डिड नॉट प्लेड' नाही.

'अ', 'ॲन' आणि 'द' यांच्याबद्दल पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. खेळापुरतं सांगायचं तर खेळाच्या नावापुढे काहीच लावत नाहीत, 'प्ले क्रिकेट'. अनेकांतला एखादा असेल तर 'हिट अ सिक्स'. एकच असेल तर 'द टॉस', 'द वर्ल्ड कप'. 'इनिंग्ज' हा शब्द शेवटी 'ज' ऐकू येत असूनही क्रिकेटमध्ये एकवचनी आहे, म्हणून 'वन बाय ॲन इनिंग्ज'. सगळे खेळ 'प्ले' करत नाहीत, हेही लक्षात ठेवा. चेंडूचे, पटाचे, दोन बाजू असलेले खेळ 'प्ले'. योगा, ज्युदो, जिम्नॅस्टिक्स 'डू'. पोहायला, पळायला, ट्रेकिंगला आपण जातो, इंग्रजही जातो: 'गो स्विमिंग', 'गो रनिंग'.

क्रिकेटच्या बाहेर

क्रिकेट नको असेल तर कबड्डी घ्या. २०१४मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि गावच्या मैदानावरचा खेळ इंग्रजी समालोचनात गेला. चढाई 'रेड' झाली, चढाईपटू 'रेडर', पकड 'टॅकल', मध्यरेषा 'मिडलाइन'. दमाला नियमांच्या इंग्रजीत 'कँट' म्हणतात. लोण मात्र 'लोना' होऊन तसंच गेलं. लागोपाठ दोन चढाया गुणांविना गेल्या की तिसरी 'डू-ऑर-डाय रेड' असते. हे विशेषण कसं बांधलंय ते बघा: पूर्ण वाक्प्रचार जोडरेघांनी बांधून नामापुढे ठेवला. 'फाइव्ह-डे मॅच', 'फिफ्टी-ओव्हर गेम', 'टेन-इयर-ओल्ड बॉय' हे सगळे त्याच घराण्यातले, आणि यांत 'डे', 'ओव्हर', 'इयर' एकवचनीच राहतात. 'फाइव्ह-डेज मॅच' लिहिलंत की गुण गेला.

एकेक शब्द पकडून त्याच्या नातेवाइकांपर्यंत जाण्याची सवय लावली तर शब्दसंपत्ती वेगाने वाढते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या तीन स्थिती म्हणजे 'नीलिंग', 'प्रोन' आणि 'स्टँडिंग'. 'नीलिंग'च्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीचा 'के' मुका आहे, 'नी' म्हणजे गुडघा आणि 'नाइफ' म्हणजे सुरी यांच्यासारखाच. 'प्रोन' म्हणजे पालथं. करोनाच्या काळात रुग्णाला 'प्रोन पोझिशन'मध्ये झोपवायचे, तोच हा. आणि आपल्या सरकारी कागदपत्रांत अवर्षणप्रवण तालुक्यांसाठी वर्षानुवर्षं 'ड्रॉट-प्रोन' लिहिलं जातं, त्यातलाही हाच. एका नेमबाजाच्या बातमीतून तुम्ही दवाखान्यात आणि तहसील कचेरीत जाऊन आलात.

बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे धावतो त्या तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि सात पाण्यावरच्या उड्या असतात. 'स्टीपल' म्हणजे चर्चचा उंच निमुळता कळस. एका गावच्या कळसापासून दुसऱ्या गावच्या कळसापर्यंत कुंपणं, ओढे ओलांडत घोडे पिटाळायच्या शर्यतींवरून हे नाव आलं. बुद्धिबळात नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हाच्या इंग्रजी बातम्यांत 'रिझाइन' हे क्रियापद दिसलं असेल. नोकरी सोडण्यासाठीचा राजीनामा आणि पटावरची शरणागती दोन्ही त्यात बसतात. आणि इंग्रजीतला 'चेक' आणि आपला 'शह' हे दोघेही फारसीतल्या 'शाह'चेच वंशज आहेत, हे जाता जाता.

ऑफिसात येणारे खेळ

नोकरी करणाऱ्यांनी हा भाग सोडू नये. मराठीत जसं आपण कुणाला चीतपट करतो, कुणाच्या बेताला खो घालतो, तसं इंग्रजी ऑफिसातही खेळातून आलेली भाषा सर्रास बोलली जाते, आणि ती शब्दशः घेतली तर बैठकीत माणूस बावरतो. 'द बॉल इज इन युवर कोर्ट' हा टेनिसमधला, म्हणजे आता पुढचं पाऊल तुम्ही उचलायचं. 'जम्प द गन' धावण्याच्या शर्यतीतला, म्हणजे इशारा होण्याआधीच सुटणं, घाई करणं. 'थ्रो इन द टॉवेल' बॉक्सिंगमधला, हार मानणं. 'मूव्ह द गोलपोस्ट्स' म्हणजे काम निम्म्यावर आल्यावर अटी बदलणं. या शेवटच्याचा उपयोग पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत रोज होत असावा असा माझा अंदाज आहे.

अमेरिकन ग्राहक असेल तर बेसबॉल येतो. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा, 'टच बेस' म्हणजे थोडक्यात संपर्क साधणं, 'कर्व्हबॉल' म्हणजे अनपेक्षित अडचण. त्याला उलट क्रिकेटमधला 'स्टिकी विकेट', म्हणजे अवघड पेच, ऐकवू नका, अनेक अमेरिकनांना ते कळणार नाही. ब्रिटिश माणसाला कळेल. आणि निवृत्त होणाऱ्या साहेबांच्या निरोप समारंभात 'ही हॅड अ गुड इनिंग्ज' म्हणण्याचा मोह टाळा. हे वाक्य बहुतेकदा दीर्घायुष्य भोगून गेलेल्या माणसाबद्दल बोलतात.

भाषा काळाबरोबर बदलते, तेही खेळात लवकर दिसतं. मेरिलबोन क्रिकेट क्लबने सप्टेंबर २०२१मध्ये नियमांच्या भाषेत 'बॅट्समन'च्या जागी 'बॅटर' आणला. लिहिताना आता 'बॅटर'च लिहा. मराठीतल्या 'फलंदाज'ला ही अडचण कधी आलीच नाही.

रोजचा सराव

सामन्याची बातमी आधी मराठी वर्तमानपत्रात वाचा, मग त्याच सामन्याची इंग्रजीत. क्रम उलटा नको. मजकूर कळलेला असल्यामुळे प्रत्येक अनोळखी शब्दाला शब्दकोश उघडावा लागत नाही, अर्थ आपोआप सुचतो. वाचताना क्रियापद आणि त्याच्या मागचा बारका शब्द यांखाली रेघ मारा. वहीत सुटा शब्द लिहायचा नाही, तुकडा लिहायचा: 'लॉस्ट टू', 'आउट फॉर', 'फिफ्टी ऑफ थर्टी बॉल्स', 'चेस्ड डाउन द टार्गेट'. समोर मराठी अर्थ न लिहिता तो तुकडा वापरून स्वतःचं एक वाक्य लिहा, शक्यतो खेळाबाहेरचं.

कोणते शब्द आधी शिकायचे याबद्दल गोंधळ नको. ढाक्यात इंग्रजी शिकवलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३मध्ये सुमारे दोन हजार सर्वाधिक उपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यातले बहुतेक शब्द आजही रोजच्या वापरातले आहेत. 'टेक', 'गेट', 'पुट', 'रन' असे शब्द आपल्याला येतात असं वाटतं, पण 'टेक अ कॅच', 'टेक गार्ड', 'टेक स्ट्राइक', 'टेक ऑन द बोलर' हे चार अर्थ पटकन सांगता येतात का ते तपासा. विरळ, भारदस्त शब्दांच्या मागे लागण्याआधी हे पक्के करा. शब्दकोश घ्यायचा तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला घ्या. ए. एस. हॉर्नबी यांचा ऑक्सफर्डने १९४८मध्ये काढलेला कोश याच कामासाठी होता आणि त्याच्या नव्या आवृत्त्या अजून निघतात. त्यात अर्थाबरोबर शब्द वाक्यात कसा बसतो तेही दिलेलं असतं.

उजळणीसाठी जर्मनीतल्या सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२मध्ये सुचवलेली खोक्यांची पद्धत सोपी आहे. तुकडे छोट्या कार्डांवर लिहा. जे आठवलं ते पुढच्या खोक्यात, जे विसरलं ते पुन्हा पहिल्या. पहिलं खोकं रोज उघडायचं, पुढची हळूहळू लांबच्या अंतराने. रिकाम्या काडेपेट्याही चालतील.

उच्चारांत दोन गोष्टींवर मेहनत घ्या. 'विकेट' म्हणताना ओठांचा चंबू होतो आणि दात लागत नाहीत. 'व्हिक्टरी' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. आपला 'व' या दोघांच्या मधे कुठेतरी उच्चारला जातो. दुसरं, चेंडू तो 'बॉल' आणि टाकणं ते 'बोल'. स्पेलिंगही वेगळं, बी-ओ-डब्ल्यू-एल. आपल्याकडे सर्रास 'बॉलिंग' म्हणतात, त्यामुळे लिहितानाही तिथे 'ए' घुसतो.

एक सावधगिरी. समालोचनाचं इंग्रजी जिवंत असलं तरी अपुरं आहे. त्यात विनंती नाही, नकार नाही, 'वुड यू माइंड' आणि 'आय ॲम अफ्रेड' नाही. मथळ्यांतून 'द' आणि 'वॉज' गाळलेले असतात. नोकरीचा अर्ज त्या भाषेत लिहिला तर तो तारेसारखा वाटेल. ही उणीव भरून काढायला सामन्यानंतरच्या मुलाखती ऐका. तिथे प्रश्न असतात, पूर्ण वाक्यं असतात, अडखळणं असतं आणि अडखळूनही पुढे बोलत राहणं असतं.

बोलण्याच्या सरावाचा सगळ्यात चांगला प्रकार फुकट आहे. सामना लावा, टीव्हीचा आवाज बंद करा आणि दोन षटकं तुम्ही इंग्रजीत समालोचन करा. दोन चेंडूंच्या मधे विचार करायला पुरेसा वेळ मिळतो. सुरुवातीला 'बोल्स, प्लेज, नो रन' एवढंच जमेल. तेवढंच म्हणा, पण प्रत्येक क्रियापदाचा 'स' सोडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच षटकं भूतकाळात कुणाला तरी सांगा. घरचे पहिले काही दिवस हसतील. हसू द्या, आणि त्यांच्यातल्या एखाद्याला पुढचं षटक द्या.